रंकाळ्यावर जॉगिंग सुरू केलंय, नडगी दुखतेय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय 38, वजन 91 किलो, शुगर बॉर्डरवर. डॉक्टरांनी तपासून हळूहळू पळायला हरकत नाही म्हटलंय. सकाळी रंकाळ्यावर 1 मिनिट पळणं, 2 मिनिटं चालणं असं आलटूनपालटून करतो. दम पूर्वीइतका लागत नाही, याचा फार आनंद आहे. पण नडगीच्या आतल्या बाजूला, हाडालगत ठणकतं. बोटानं दाबलं की जास्तच. बूट जुने आहेत, टाचेला एका अंगानं झिजलेत. आधी बूट बदलू, की थोडे दिवस नुसतंच चालू? कडक रस्ता सोडून मातीवर पळालं तर फरक पडेल का? विद्यापीठाकडं सकाळी कुणी जातं का? रविवारचा तांबडा-पांढरा मला सोडायचा नाही, मग भात-भाकरी किती कमी करू? ज्यांनी पळून वजन उतरवलंय त्यांनी जरूर सांगा.