आप्पांची ‘नळ्या नको’ ही इच्छा कागदावर कशी आणायची? (जळगाव जिल्हा)

केळीवाला_यावल
मंडळी, सल्ला हवाय. आमचे आप्पा 79 वर्षांचे. फुप्फुसाचा जुना आजार, घरीच ऑक्सिजनचं मशीन. डोकं मात्र शाबूत, केळीच्या भावाचा हिशोब अजून तोंडी. गेल्या वर्षी काकांना 19 दिवस व्हेंटिलेटरवर बघितलं, तेव्हापासून एकच घोशा: “नळ्या लाऊ नका, माले मना घरमा जाऊ द्या.” मी मान डोलावतो, पण वेळ आली तर माझं ऐकणार कोण? एक बहीण सुरतला, एक नाशिकला. वकील म्हणतो मुख्त्यारपत्र करा. बरोबर आहे का? कोणी केलंय?

तापीकाठ
वकील बदला. मुख्त्यारपत्र देणाऱ्याचं भान गेलं की ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी निकामी. मृत्युपत्र तर माणूस गेल्यावर उघडायचं. तुम्हाला हवंय ते लिव्हिंग विल, वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाने त्याला 9 मार्च 2018 ला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्या भानगडीत कोण पडणार? 24 जानेवारी 2023 ला ते सोपं झालं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बस. आईचं मी अर्ध्या दिवसात केलं. त्यातलाही निम्मा वेळ नोटरीला समजावण्यात गेला. तो सारखा विचारत होता, “शेत कोणाच्या नावे?”

सिस्टर_भुसावळ
आयसीयूत बारा वर्षं काढलीत, म्हणून सांगते. नुसतं ‘व्हेंटिलेटर नको’ लिहू नका. उद्या आप्पांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवस मशीनवर राहून ते उठून चहा मागणार असतील, तर? आजार बरा होणारा नसेल आणि माणूस स्वतः सांगू शकत नसेल, तेव्हाच हा कागद लागू होतो. म्हणून लिहा: सुधारण्याची आशा नसेल तर घशात श्वासाची नळी नको, नाकातून जेवण नको, छाती दाबणं नको, डायलिसिस नको. आणि हवं काय तेही लिहा. धाप आणि दुखणं कमी करणारी औषधं, ऑक्सिजन, तोंड ओलं ठेवणं. नाहीतर घरच्यांना वाटतं, कागद दिला म्हणजे आता बाबांकडे कोणी फिरकणार नाही.

कागद दाखवला की लगेच मशीन बंद, असंही नसतं. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ बघतात. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं.

पण खरं भांडण डॉक्टरांशी होतच नाही हो. पंधरा दिवस उशाशी बसलेला मुलगा मनाने तयार झालेला असतो, आणि रात्रीच्या गाडीने आलेली बहीण बॅग खांद्यावरून न उतरवताच म्हणते, “असं कसं सोडता? सगळं करा.” तिचं तरी काय चुकलं? तिने बाप पाहिलेला असतो तो दिवाळीला, चालता-बोलता.

धुळ्याचे_नाना
जिवंत माणसाच्या मरणाचे कागद करायचे, हे काही पटत नाही बुवा. आमच्या वेळी पोरांना न सांगता कळायचं.

केळीवाला_यावल
नाना, काकांच्या वेळी चार पोरं होती. चौघांना चार वेगळं कळलं.
बरं, कागद ठेवायचा कुठे? आणि आप्पांच्या वतीने निर्णय सांगणारा म्हणून नाव एकाचंच द्यायचं का?

तापीकाठ
एकापेक्षा जास्त जणांची नावं देता येतात. दोन्ही बहिणींची घालाच, नाहीतर ‘भाऊने परस्पर केलं’ हे जन्मभर ऐकाल. साक्षीदार मात्र घराबाहेरचे घ्या. एकेक प्रत तुम्हा तिघा भावंडांना, एक फॅमिली डॉक्टरांना, एक स्थानिक संस्थेच्या कस्टोडियनकडे, म्हणजे असे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मुंबईच्या डॉ. निखिल दातारांच्या जनहित याचिकेनंतर आपल्या राज्यात हे अधिकारी नेमले गेले. आमच्याकडे खिडकीवरच्या बाबूला पत्ताच नव्हता, मला थेट जन्म-मृत्यू नोंदणीत पाठवलं. म्हटलं, आई बाहेर रिक्षात बसलीय, इतकी घाई नको. शेवटी आवक शिक्का मारलेली पोच घेतली, तुम्हीही ती घेतल्याशिवाय हलू नका. आप्पांचा विचार बदलला तर शुद्धीत असेपर्यंत कधीही लेखी रद्द करता येतं.

सिस्टर_भुसावळ
आणि कपाटात कुलपात ठेवू नका. रात्री दोनला किल्ली कोणाला सापडत नाही. आमच्या एका पेशंटच्या सुनेने आधार कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता, फ्रिजच्या वर.

केळीवाला_यावल
दोघी बहिणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येणारच आहेत. तेव्हा आप्पांच्याच तोंडून ऐकवावं म्हणतो. सणाचं असं बोलावं का, एवढीच शंका.

धुळ्याचे_नाना
आखाजीला आपण गेलेल्यांची घागर भरतोच ना? मग त्याच दिवशी आप्पांना बोलू दे की. पोरींना आधी झोका खेळू द्या, दुपारी जेवणं झाल्यावर विषय काढा.

केळीवाला_यावल
नाना, एक साक्षीदार कमी पडतोय. यावलला याल?

धुळ्याचे_नाना
खापरावरची पुरणपोळी असेल तर येतो. चष्मा आणतो, वाचल्याशिवाय सही करणार नाही.