फादरांच्या शाळेत मुलाला घालावं का? अनुभव लिहा

गौरी_पौडरोड
काल माहेरी माळा आवरायला काढला. गणपतीच्या मखराखाली दादाचं शाळेचं कॅलेंडर सापडलं, १९९३-९४चं. भिंतीवरचं नव्हे. ज्यांची भावंडं फादरांच्या, म्हणजे कॅथलिक मिशनच्या, शाळेत होती त्यांना कळेल. खिशात मावेल असं पुस्तक, सुरुवातीला प्रार्थना, मग शाळेचं गाणं, शेवटी रिमार्कची पानं. दादाची ती पानं गच्च भरलेली. 'केस वाढलेत.' 'बूट मळके.' 'वर्गात मराठी बोलला.' तिन्हींखाली बाबांची सही. त्यातली एक बाबांची नाही हे मला काल कळलं, तीस वर्षांनी.

मी हुजूरपागेत, मुलींच्या शाळेत. दादाच्या शाळेत फक्त गॅदरिंगला जायला मिळायचं, आणि ते मैदान बघून मी जळायचे.

आता आमचे चिरंजीव साडेतीन वर्षांचे. नवरा म्हणतो फादरांकडेच घालू, वळण लागेल. सासूबाई म्हणतात घरात रामरक्षा आणि तिकडे अवर फादर, पोराचा गोंधळ होईल. माझी काळजी तिसरीच आहे. मुलगा फार हळवा आहे, मुंगी मेली तरी रडतो. नुसत्या मुलग्यांच्या शाळेत त्याचं काय होईल? जे शिकलेत, ज्यांनी मुलं घातलीत, त्यांनी लिहा. खरं लिहा.

ठोंब्या
बाबा क्रिकेटवेडे. गावसकर झेवियर्सचे, शास्त्री माटुंग्याच्या डॉन बॉस्कोचा, म्हणून मलाही फादरांकडे टाकलं. दहा वर्षांत एकदा बॅटिंग मिळाली. तीन चेंडू.

अण्णा_दादर
@ठोंब्या तेंडुलकर शारदाश्रमचा. विषय संपला.

ठोंब्या
तो वांद्र्याची शाळा सोडून कोच आचरेकर सरांसाठी आला होता अण्णा. शाळेला कसलं श्रेय?

अण्णा_दादर
आणि सर कुठे शिकवत होते? शारदाश्रमात. बोला.

नीलम_टी
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. आवडते का नंतर बघा, आधी मिळते का बघा. या अल्पसंख्याक संस्था, घटनेच्या कलम ३०ने त्यांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क. आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागा इथे लागू नाहीत, २०१४च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर अनुदानित शाळांनाही नाहीत. आमच्या इकडे क्रम असा होता: आधी कॅथलिक मुलं, मग आत शिकणाऱ्यांची भावंडं, मग माजी विद्यार्थ्यांची मुलं, मग उरलेल्यांत आपण. मामाचं कॅलेंडर चालत नाही, मी विचारून बघितलंय 😀
धर्माचं म्हणाल तर कॅटेकिझमच्या (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या) तासाला ख्रिस्ती मुलं वेगळी बसतात, आपल्या मुलांना मॉरल सायन्स. माझा सकाळी अवर फादर म्हणतो, संध्याकाळी शुभंकरोति. गोंधळ एकदाच झाला, रामरक्षा संपल्यावर आमेन म्हणाला. सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. शिट्टी झाली, येते.

स्मिता७९
नवरा दहावीपर्यंत नुसत्या मुलग्यांच्या शाळेत. एफवायला प्रॅक्टिकलला पार्टनर म्हणून मुलगी आली तर टायट्रेशन करताना ब्युरेट फोडली.
ती मुलगी मी.

नीलम_टी
@स्मिता७९ 😂😂 पैसे कोणी भरले?

स्मिता७९
अर्धे अर्धे. अजून ऐकवतो.

वसईची_वाडी
आम्ही वसईचे कॅथलिक. घरी कादोडी ही आमची बोली बोलतो, चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) मराठीत होते. फादर म्हणजे इंग्रजी हे लोकांनी कुठून काढलं देव जाणे. आमचे फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, मराठी साहित्य संमेलनाचे! माझा मुलगा मराठी शाळेत जातो. शेजारचे काका नातवाला रोज पहाटे बसमध्ये कोंबून मिशनच्या इंग्रजी शाळेत धाडतात आणि वर मलाच विचारतात, 'तुम्हाला तर सहज मिळाली असती की हो!'

म्हापशेकर
गोव्यातलं लिहितो. नव्वदनंतरची गोष्ट. फादरांच्या प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत कोकणी माध्यम, कारण सरकारी अनुदान कोकणी-मराठीलाच होतं. इंग्रजी प्राथमिकला ते मिळायला २०११ उजाडलं. त्यामुळे पाचवीत मुलग्यांच्या शाळेत गेलो तर एकदम सगळंच इंग्रजी. सहा महिने माझ्या तोंडून एकच वाक्य निघायचं, 'मे आय गो टू द टॉयलेट'. सरांना वाटलं पोटाचा आजार आहे. पावसातला फुटबॉल मात्र... सोडा, मग लिहीन. मासळीवाली आली.

नाव_नको
हळव्या मुलाबद्दल विचारलंत म्हणून लिहितोय. शाळा सांगत नाही.
मी तसाच होतो. माझ्या चालण्यावरून पाचवीपासून मला एका मुलीच्या नावाने हाक मारायचे. शाळेत मुली नसल्या की कोणाला तरी मुलगी व्हावं लागतं, तो मी. पीटीचे सरही हसायचे. एक ब्रदर (ख्रिस्ती संन्यासी) होते, ते मधल्या सुट्टीत लायब्ररीची किल्ली माझ्या हातात द्यायचे. का ते कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आठवीत त्यांची बदली झाली. हे लोक बदलीवर असतात हे लक्षात ठेवा. ज्या प्रिन्सिपलकडे बघून मूल घालाल ते दहावीपर्यंत तिथे असतीलच असं नाही.
शाळेला वाईट म्हणवत नाही. माझं वाचन तिथलं, इंग्रजी तिथलं. माझ्या मुलाला मात्र घातलं नाही.

गौरी_पौडरोड
@नाव_नको दोनदा वाचलं. लिहिलंत, बरं केलंत.

ठोंब्या
आमच्या वर्गात एक होता असा. आम्ही हसायचो. मीपण.

सुलभाताई_निवृत्त
मी अशा शाळेत २६ वर्षं मराठी शिकवलं. गौरी, 'वर्गात मराठी बोलला' हे रिमार्क मीही लिहिलेत गं. वर्गशिक्षिका म्हणून सकाळी रिमार्क द्यायचा आणि तिसऱ्या तासाला त्याच पोराला म्हणायचं, 'अरे, जरा मराठीत बोल की!' २०२०च्या कायद्याने आता मराठी सगळ्याच बोर्डांना सक्तीची झाली, ते रिमार्क गेले का माहीत नाही.
प्रॉस्पेक्टस वाचून काही कळत नाही. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी अर्धा तास उभी राहा. मोठे मुलगे लहानांना ढकलत बाहेर पडतात की वाट देतात ते बघ. एखादा एकटाच मागे राहतो, त्याच्याकडे वॉचमन तरी बघतो का ते बघ. एका वर्गात किती मुलं हे ऑफिसात विचारू नकोस, सुटलेल्या पोरांना विचार. आमच्याकडे साठ असायची. साठांत रडणारं एक मूल मला दरवेळी दिसायचंच असं म्हणणार नाही.

अण्णा_दादर
सुलभाताई, नमस्कार घ्या.

रानवेडा
धागा पूर्ण वाचला नाही, पण बूट मळके वाचून आठवलं. पीटीच्या दिवशी पांढऱ्या कॅनव्हासला आम्ही वर्गातला खडू घासायचो. बाटाचे नॉटी बॉय अजून मिळतात का?

गौरी_पौडरोड
दादाला कॅलेंडरचे फोटो पाठवले होते. आत्ता फोन आला. शाळा चांगली की वाईट यावर एक अक्षर नाही. आधी शाळेचं गाणं पूर्ण म्हणून दाखवलं, भसाड्या आवाजात. मग म्हणाला, ती खोटी सही आईने केली होती, बाबांना कळू नये म्हणून. आणि मग, 'पिल्लू मुंगीसाठी अजून रडतो का गं?' हो म्हटलं. 'मी सायकल स्टँडच्या मागे जाऊन रडायचो. घरी येईपर्यंत डोळे वाळायचे.' एका खोलीत वाढलेला माझा भाऊ, आणि तीस वर्षं मला पत्ता नाही!
सोमवारी सुटायच्या वेळी फाटकापाशी जाणार आहे. नवऱ्यालाही नेते, त्याला वळण बघायचंय ना.

स्मिता७९
@रानवेडा नॉटी बॉय मिळतात. जूनच्या आधी घ्या, नंतर नंबर संपतात.