सिडनी बार्न्सने लँकेशायर सोडलं, बरं केलं!

थर्डमॅन:
इंग्लंडचा जुना गोलंदाज बार्न्स, त्याचं नाव निघालं की 'महान, पण तुसडा' हे शेपूट हटकून येतं. तुसडा होता, मान्य. पण १९०३ च्या मोसमात १३१ बळी घेऊन त्याने लँकेशायर काउंटीचा संघ सोडला, याला हाव म्हणणं मला पटत नाही.

तेव्हा काउंटीचा (इंग्लंडमधल्या परगण्याच्या संघाचा) पगारी खेळाडू म्हणजे उन्हाळ्यापुरता गडी. आठवड्याचे सहा दिवस गोलंदाजी करायची, बिनपगारी खेळणाऱ्या हौशी साहेबांना 'मिस्टर' म्हणायचं, मैदानात वेगळ्या फाटकातून उतरायचं. म्हातारपणाची सोय काय, तर कमिटीची मर्जी राहिली तर वर्षानुवर्षांच्या चाकरीनंतर एक बेनिफिट मॅच, तिची कमाई खेळाडूला. त्या दिवशी पाऊस आला की सोयही वाहून गेली. उलट गावोगावच्या लीग क्लबात शनिवारी एक सामना, पैसे चोख, आणि इतर दिवशी कारकुनी करायला मोकळा. बार्न्सचं अक्षर मोत्यासारखं होतं, हेही जाता जाता. मनासारख्या अटी मिळेनात म्हणून गेला. चुकलं काय?

नाईट_वॉचमन:
चुकलं ते तुम्ही सोयीने गाळलंय. १९०१ मध्ये बार्न्सला ओळखत कोण होतं? वॉरिकशायरकडून आधी मोजकेच सामने, मग बर्नलीत लीग खेळत होता. मॅक्लारेनने नेटमध्ये पाहून त्याला थेट ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर नेलं. मॅक्लारेन लँकेशायरचाच कर्णधार. त्या काउंटीला दोन मोसमांत रामराम?

आणि तो गेल्यावर काय झालं? १९०४ ला लँकेशायर एकही सामना न हरता विजेतं. कुणावाचून काही अडत नाही.

गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्सही पगारीच होता की. यॉर्कशायरसाठी राबला, कारकिर्दीत चार हजारांवर बळी घेतले. बार्न्सचे प्रथम श्रेणीत ७१९.

आकडेमोड:
७१९ चा आकडा असा फेकू नका हो, निम्मी गोष्ट होते ती. एकट्या स्टॅफर्डशायरसाठी मायनर काउंटी (दुय्यम दर्जाच्या काउंट्यांच्या) सामन्यांत त्याने १४४१ बळी घेतले, सरासरी ८.१५. दर्जा खालचा, कबूल. मग कसोटी बघा: २७ सामन्यांत १८९ बळी, सरासरी १६.४३. १९११-१२ ला मेलबर्नमध्ये सकाळच्या पहिल्या पाच षटकांत १ धाव देऊन ४ बळी. काउंटीच्या रोजच्या रगाड्यात हात झिजवला असता तर अडतिसाव्या वर्षी हे जमलं असतं?

नाईट_वॉचमन:
आकडे पाठ आहेत तर १९१३-१४ चंही सांगा. दक्षिण आफ्रिकेत चार कसोटींत ४९ बळी, जोहान्सबर्गला एका सामन्यात १७. मालिकेतला ४९ बळींचा विक्रम अजून उभा आहे. आणि पाचव्या कसोटीला साहेब खेळलेच नाहीत! पैशावरून वाजलं म्हणतात. याला स्वाभिमान म्हणायचं की अडवणूक?

पुण्याची_पोरगी:
आपल्याकडचं उदाहरण कुणालाच आठवलं नाही? दलित फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद काही मिळालं नाही. गोलंदाजाने राबायचं, मान दुसऱ्याला. दोन्हीकडे तेच.

थर्डमॅन:
ताई, तेच नाही. बार्न्सला अटी पटल्या नाहीत, तर दुसऱ्या गावचा क्लब जास्त पैसे देऊन त्याला बोलवत होता. बाळूंना पुण्यात चहासुद्धा बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा. जात कुठल्या क्लबात जाऊन बदलणार होते? पगाराचं भांडण आणि हे एका तागडीत नको.

पुण्याची_पोरगी:
सारखंच दुःख असं मी म्हटलेलं नाही. पण कमिटीत बसणारे वेगळे आणि घाम गाळणारे वेगळे, ही व्यवस्था इंग्लंडचीच ना? तिकडे हौशी-पगारी भेद १९६३ पर्यंत चालला.

थर्डमॅन:
व्यवस्थेबद्दल सहमत. नाईट_वॉचमन, मर्जीवर न राहता हात राखला की काय होतं ते १९२९ मध्ये दिसलं. दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडमध्ये आला, मायनर काउंटीजकडून छप्पन्न वर्षांच्या बार्न्सने एका डावात ४१ धावांत ८ काढले.

नाईट_वॉचमन:
ते आठ कबूल. पाचव्या कसोटीचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.