मदत हवी आहे: सासऱ्यांच्या थुंकीत जंतू निघाले, पण डॉक्टर अँटिबायोटिक नको म्हणतात

नमस्कार मंडळी. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो, वय 63. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तीसेक वर्षं मागावर उभे राहिले. बिडीही होती, दम लागायला लागला तेव्हा सुटली. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार आहे, रोज दोन वेळा पंप घेतात.

मागच्या आठवड्यात खोकला वाढल्यासारखा वाटला. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून डॉक्टरांना न विचारताच एका लॅबमध्ये थुंकीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करून घेतलं. रिपोर्ट आला: क्लेबसिएला न्यूमोनिई. खाली औषधांची यादी, प्रत्येकासमोर एस (औषध लागू पडतं) नाहीतर आर (लागू पडत नाही). अँपिसिलिनसमोर आर. नावातच न्यूमोनिया वाचून माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे बघितला, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि म्हणाले, "अँटिबायोटिक नको. पंप चालू ठेवा. ताप आला, दम वाढला किंवा बेडक्याचा रंग बदलला तर लगेच या." बाहेर गर्दी होती, पुढचं विचारायचं राहून गेलं.

आता घरात दोन तट पडलेत. नणंदेचे यजमान म्हणतात, मेडिकलमधून गोळ्या आणून पाच दिवसांचा कोर्स करून टाकू. सासूबाईंनी अप्पांचं ताट-तांब्या वेगळा केलाय. माझा तीन वर्षांचा मुलगा अप्पांच्या कुशीतच झोपायचा, त्याला चार दिवस आतल्या खोलीत झोपवतोय. तो दाराला थापा मारून "अप्पा" म्हणून हाका मारतो, आणि अप्पा बाहेर तोंडावर टॉवेल दाबून खोकतात, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मला हे बघवत नाही.

रिपोर्टात जंतू निघाला म्हणजे आजार आहेच का? असेल तर औषध का नको? आणि मुलाला लांब ठेवायला हवं का? टीबीची तपासणी आधीच झाली आहे, ती निगेटिव्ह आहे.

काचपट्टी: ताई, मी लॅबमध्ये आहे, थुंकीच्या स्लाइड रोज बघते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं त्यांनाच विचारा. मला एवढं सांगा: डबीत पांढरा फेस होता की घट्ट बेडका? डबी लॅबला किती वेळाने पोचली? आणि रिपोर्टात वरती ग्रॅम स्टेन (स्लाइड रंगवून केलेली तपासणी) या मथळ्याखाली पेशींचे आकडे असतील, तेही लिहा.

धागाकर्ती: फेसच होता, पाण्यासारखा. सकाळी सातला मोरीशी उभं राहून दिला. मी डबी स्कूटीच्या डिकीत टाकली, मुलाला बालवाडीत सोडलं, बँकेत गेले, लॅबला पोचायला साडेअकरा झाले. एप्रिलचं ऊन, सीटला हात लावला तर चटका बसत होता. आकडे असे: एपिथेलियल पेशी 25 पेक्षा जास्त, पस सेल्स 2 ते 4.

काचपट्टी: मग ही छातीतली थुंकी नाहीच, तोंडातली लाळ आहे. एपिथेलियल पेशी म्हणजे तोंडाच्या आतल्या कातडीचे पापुद्रे. सूक्ष्मदर्शकाच्या कमी पॉवरखाली एका फील्डमध्ये त्या 10 पेक्षा कमी आणि पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, 25 पेक्षा जास्त असल्या, तर बेडका खोलवरून आलाय असं आम्ही धरतो. तुमचं बरोबर उलटं आहे. हा नमुना कल्चरला न लावता परत मागवायला हवा होता, हे मी माझ्याच क्षेत्राबद्दल वाईट वाटून लिहितेय.

त्यात डिकी. डबी दोन तासांच्या आत पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. क्लेबसिएला उबेत भराभर वाढतो. छातीत आजार करणारे न्यूमोकॉकस, हिमोफिलस हे जंतू नाजूक, ते तेवढ्या वेळात मरूही शकतात. म्हणजे रिपोर्टात दिसतं ते अप्पांच्या छातीतलं चित्र असेलच असं नाही.

नाक आणि घसा कधीच निर्जंतुक नसतो, तुमचा-माझाही नाही. क्लेबसिएलाचं मूळ घर आतडं. म्हाताऱ्या आणि जुनाट आजारी माणसांच्या घशातही तो मुक्काम करतो. सीओपीडीत तर हिमोफिलस, मोरॅक्सेला हे खालच्या श्वासनलिकांतसुद्धा वस्ती करून राहतात. वस्ती आहे म्हणून आजार आहे असं नाही. जंतू आत शिरून सूज आणि पू करायला लागला की आजार. म्हणून डॉक्टर कागदापेक्षा अप्पांकडे बघत होते: दम, बेडक्याचं प्रमाण, त्याचा रंग.

ही चूक मोठमोठ्यांकडून झाली आहे. 1892 साली फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला इन्फ्लुएंझाच्या रुग्णांत एक जंतू सापडला, आणि तोच फ्लूचं कारण असं त्यांनी जाहीर केलं. माणसाच्या फ्लूचा खरा विषाणू हाती लागला 1933 मध्ये. त्या जंतूचं नाव मात्र अजून हिमोफिलस इन्फ्लुएंझीच आहे. टीबीचं वेगळं: तो जंतू घशात सहज राहणारा नव्हे, थुंकीत खरोखर निघाला तर उपचार करावेच लागतात.

अँपिसिलिनसमोरच्या आरला घाबरू नका. क्लेबसिएला जन्मतःच त्या औषधाला दाद देत नाही. पण मेडिकलच्या गोळ्या आणू नका. त्यांनी घशातले साधे जंतू मरतील आणि चिवट तेवढे मागे उरतील, मग खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडणार नाही.

दोनलेकरांचीआई: मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते. ताट वेगळं करायची गरज नाही. उलट न्यूमोकॉकस लहान मुलांच्याच नाकात जास्त राहतो आणि तिथून आजी-आजोबांकडे जातो. बाळाचं लसीचं कार्ड बघा: पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकॉकसची लस, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, असे तीन डोस हवेत. सरकारी दवाखान्यात मोफत असते. अप्पांसाठी न्यूमोकॉकसची आणि दरवर्षीची फ्लूची लस डॉक्टरांना विचारा. आणि बसल्या जागी धाप लागली, ओठ निळसर दिसले, थुंकीत रक्त आलं किंवा अप्पा भ्रमिष्टासारखं बोलायला लागले, तर सकाळची वाट बघू नका.

धागाकर्ती: आज परत डॉक्टरांकडे जाऊन आले. आकडे दाखवले, डिकीचंही सांगितलं. त्यांनी मान डोलावली, सध्या पुन्हा कल्चरची गरज नाही म्हणाले, लसी लिहून दिल्या. कार्डावर तिन्ही डोस आहेत. सासूबाईंनी काही न बोलता अप्पांचं ताट मांडणीत ठेवलं. नणंदेच्या यजमानांना हा धागाच वाचायला पाठवलाय. काचपट्टी ताई, पुढे कधी द्यावी लागलीच तर थुंकी कशी द्यायची?

काचपट्टी: सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी. नुसत्या पाण्याने दोन-तीनदा चूळ भरायची. दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, मग छातीतून खोकून काढायचं, नुसतं थुंकायचं नाही. झाकण घट्ट लावून डबी सरळ लॅबला. बँक नंतर.