मदत हवी आहे: टीम चिडायची तेव्हा बरं होतं, आता गप्प झाली आहे

नमस्कार. ७ महिन्यांपूर्वी मी माझ्याच टीमची लीड झाले. सहा जण आहेत, त्यातले दोघं माझ्याहून सीनियर. ग्राहक दर आठवड्याला मागण्या बदलतो, तारीख मात्र तीच. वरचे म्हणतात, "मॅनेज करा." चिडचिड होणारच, मलाही होते.

आवाज चढवायचा नाही हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. कुणी कुरकुरलं की ऐकून घ्यायचं, "मी बघते" म्हणायचं. वरून खाल्लेली बोलणी खाली पोचू द्यायची नाहीत. यालाच मी सांभाळून घेणं समजत होते.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळच्या मीटिंगमध्ये एक सीनियर फाडकन म्हणाले, "तू बघतेस, पण होत काहीच नाही." मी हसून म्हटलं, "चला, पॉझिटिव्ह राहू या." (आता आठवलं की लाज वाटते.) तेव्हापासून मीटिंग ७ मिनिटांत संपते. काही अडचण? "नाही, ठीक आहे." परवा एक मोठी चूक मला थेट ग्राहकाकडून कळली. टीममधल्या तिघांना ती आठवडाभर माहीत होती.

त्यांच्यावर चिडावंसं वाटत नाही, पण नुसत्या गोड बोलण्याने भागत नाही हेही कळलंय. यांना पुन्हा बोलतं कसं करू? एकेकट्याला भेटू की सगळ्यांसमोर विषय काढू?

प्रतिसाद १
उडवून लावलंत सगळ्यांसमोर, मग माफीही तिथेच मागा. दोन वाक्यांत. लांबण लावलीत तर उलट त्यांनाच तुमची समजूत काढत बसावं लागेल. मग एकेकाला भेटा, आधी त्या सीनियरना.
अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या टीम चांगल्या, तिथेच नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या! त्यांनी अर्थ लावला तो असा की तिथले लोक चुका लपवत नव्हते. तुमचे सीनियर बोलले, म्हणजे तोवर त्यांना तुमच्याकडून आशा होती.

प्रतिसाद २
"मी बघते" आधी बंद करा. याच वाक्यापायी माझा एक चांगला माणूस सोडून गेला. आता मी "होईल", "होणार नाही" किंवा "गुरुवारी सांगतो" एवढंच म्हणतो, आणि गुरुवारी उत्तर नसलं तरी तसं सांगायला जातो. स्पष्ट नकाराने माणूस तासभर धुसफुसतो, टांगून ठेवलं की महिनोन्‌महिने.
आणि वरची बोलणी लपवू नका. तुम्ही त्यांच्यासाठी भांडता हे त्यांना दिसणार कसं?

धागाकर्ती
दोघांचेही आभार. रात्री बसून आजवरची सगळी "मी बघते" वहीत लिहून काढली. ११ निघाली. त्यातल्या ४ गोष्टी माझ्या हातात कधीच नव्हत्या, आणि हे मी कुणाला सांगितलेलंच नाही. उद्या सकाळी वही घेऊनच मीटिंगला जाते.