अनुभव धागा: संगणकातला रस आटला, आता हाताने काय करता?

आयटी सोडून किंवा तीच नोकरी घरून करत कोकणात राहणारे आपल्यात बरेच आहेत. कामात पूर्वीसारखं मन लागत नाही आणि स्क्रीन मिटल्यावर हाताला काहीतरी हवं असतं, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. म्हणून राजीनाम्याची कहाणी नको, मॅनेजरचं गाऱ्हाणं नको. जे करता ते वाचणाऱ्याला करता येईल इतकं नेमकं लिहा: सामान किती, कधी करायचं, कुठे बिघडतं आणि का.

दापोली, पूर्वी डेटाबेसचं काम

आंब्याचं कोय कलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर चांगल्या जातीची काडी जोडणं. शिकायला सर्वांत चांगली कला, कारण सामान म्हणजे धारदार चाकू, प्लॅस्टिकची पट्टी आणि रायवळच्या (गावठी आंब्याच्या) कोयी. इथे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे काड्यांसाठी खात्रीची झाडंही मिळतात.

कोयी ताज्या हव्यात. महिनाभर पडून राहिलेली कोय बहुधा रुजत नाही. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाका, बाकीच्या गादीवाफ्यात लावा. रोप १० ते १५ दिवसांचं, पानं अजून तांबूस आणि देठ कोवळा असताना कलम करायचं. पानं हिरवी झाली की देठ कडक होतो, मग सांधा नीट जुळत नाही.

काडी ३ ते ४ महिन्यांची, रोपाच्या जाडीची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न उघडलेला. झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापायची. देठ आपोआप गळायला लागले की डोळा तयार झाला. हा टप्पा लोक गाळतात आणि मग काडी फुटत नाही म्हणतात.

रोप कोयीसकट अलगद उपटून कोयीच्या वर ६ ते ८ सेंमीवर छाटा. मधोमध ४ सेंमी चीर द्या. काडीला तेवढीच पाचर एका घावात घ्या. घासून घासून केलेली पाचर पोकळ राहते. जाडी कमीजास्त असेल तर मध्यावर न बसवता एका बाजूची साल सालीला लावा, कारण जुळणी सालीलगतच्या थरातच होते. दीड सेंमी रुंदीच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधा, १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून त्यात कोय आणि मुळं बुडवा आणि पिशवीत लावा. जुलै-ऑगस्टची दमट हवा काडी सुकू देत नाही, पण सरळ पाऊस सांध्यावर पडला तर बुरशी धरते. म्हणून मांडव हवाच. तीनेक आठवड्यांत डोळा फुटतो. सांध्याखालून आलेला प्रत्येक फुटवा खुडायचा, नाहीतर रायवळच वाढतो.

घरापुरतं झाड हवं असेल तर हापूसबरोबर एखादं रत्नाचंही करा. नीलम आणि हापूसच्या संकरातून दापोलीने १९८१ मध्ये काढलेली जात आहे, आणि तिच्यात साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) होत नाही.

कुडाळ, पूर्वी टेस्टिंग

बांबू. आपल्याकडचा माणगा सरळ, बिनकाट्याचा आणि जवळजवळ भरीव. स्टूल, मांडणी, दिव्याची कमान यांना याच्यासारखा दुसरा नाही. पण भुंगा लागला की सगळं पीठ होतं. भुंगा येतो तो आतल्या पिष्टासाठी, म्हणून तोड पावसाळ्यात नको. तेव्हा बेट नवीन कोंब काढत असतं. दिवाळीनंतर तोडा, आणि तीन वर्षांवरचीच काठी. कोवळ्या काठीवर पेरांची टोपणं असतात; जून काठीवर ती गळलेली असतात आणि पांढरट डाग दिसतात.

प्रक्रिया: १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अ‍ॅसिड. बोरिक अ‍ॅसिड गार पाण्यात लवकर विरघळत नाही, थोड्या गरम पाण्यात आधी विरघळवून मग ओता. पोकळ बांबूची पेरं सळईने आतून फोडावी लागतात. माणगा भरीव असल्यामुळे द्रावण टोकांकडूनच आत शिरतं, म्हणून अख्खा न भिजवता चिरून भिजवलेला बरा. अख्खी काठी आठ-दहा दिवस, चिरलेली चार-पाच. मग सावलीत उभी करून तीन-चार आठवडे वाळवा. उन्हात टाकलीत तर तडकेल. हे मीठ पावसाने धुऊन जातं, तेव्हा अशी वस्तू पागोळ्यांखाली ठेवू नका.

मालवण, अजून नोकरीत

शाडूची मूर्ती. ९ इंची मूर्तीला ३ ते ४ किलो भिजवलेला शाडू लागतो. रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी चांगला मळा, कापूस पिंजून घाला. मूर्तीच्या हातात तार घालू नका: माती सुकताना आकसते, तार आकसत नाही, आणि तडा नेमका कोपरावर जातो. जोडाच्या दोन्ही बाजू खरवडून पातळ शाडू लावा. पंख्याखाली वाळवली तर सोंड आधी सुकते आणि धड ओलं राहतं. सोंडेवर ओलं फडकं ठेवा, खालून कोरून दोनेक सेंमी जाडी राखा. पूर्ण वाळल्याशिवाय रंग नको, पापुद्रे निघतात.

रत्नागिरी, घरून क्लाउड सपोर्ट

वरचं सगळं चांगलं आहे, पण छंद निवडताना एक बघा: काम अर्धवट टाकून उठता येतं का? आमच्यासारख्यांना कधीही फोन येतो. शाडू ओल्या फडक्याखाली दोन दिवस थांबतो, बांबू टाकीत एक दिवस जास्त राहिला तरी चालतो. कापलेली काडी मात्र थांबत नाही, म्हणून कलमं ऑन-कॉल नसलेल्या आठवड्यातच. घाईघाईत केलेल्या छंदाचाही नोकरीसारखाच वीट येतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि नोकरी सोडायच्या विचारात असाल तर स्वतःचा आरोग्य विमा पगार चालू असतानाच घ्या. कंपनीचं छत्र नोकरीबरोबर जातं, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

सावंतवाडी

लाखकामाबद्दल थोडक्यात. लेथवर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते. लाकूड ओलसर असेल तर फोड येतात, म्हणून हे काम ऑक्टोबर ते मे. चकाकी केवड्याच्या पानाने.

कुडाळवाल्या दादांक एक इचारूचां होतां: काठये भिजवून झाल्यार ह्यां पाणी ओतूचां खंय?

कुडाळ

ताई, ओतायचंच नाही. झाकून ठेवा, पातळी उतरली की त्याच प्रमाणात नवीन द्रावण भरा, पुढच्या तोडीला चालतं. गढूळ झालं तर फडक्याने गाळून घ्या. उरलंच तर घरातल्या वाशांना आणि फळ्यांना ब्रशने दोन हात द्या. माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ अजिबात नको, या द्रावणातल्या जास्त बोरॉनने झाडांची पानं कडेने करपतात.