नफा दिसतो, रोख दिसत नाही. मूल्यांकनात हे कुठे धरायचं?

नवशिका विश्लेषक:
एका कंपनीचं डीसीएफ करतोय, म्हणजे तिची पुढची रोख एका दराने (डिस्काउंट रेटने) आजच्या किमतीत आणून मूल्य काढतोय. नफा दरवर्षी वाढतोय, पण कामकाजातून येणारी रोख आहे तिथेच. येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, मात्र विक्रीपेक्षा वेगाने फुगलीत. संबंधित पक्षांशी (प्रवर्तक, त्यांच्या इतर कंपन्या वगैरे) व्यवहार आहेत, त्यावर टीप जेमतेम दोन ओळींची. वरिष्ठ म्हणतात, "डिस्काउंट रेट दोन टक्के वाढव आणि मोकळा हो." मला पटत नाहीये. माहितीच धड नसेल तर जोखीम धरायची कुठे?

ताळेबंद वाचक:
वरिष्ठांचा उपाय करून बघा. पुढच्या वर्षीची रोख 100, वाढ कायम 4 टक्के, रेट 10 टक्के. मूल्य येतं 1,667. रेट 12 केला की 1,250. पाव किंमत उडाली, आणि ते 100 मुळात खरे आहेत का, हा प्रश्न जिथल्या तिथे!

आकडे नुसते धूसर असतील, म्हणजे विभागवार नफाच देत नाहीत वगैरे, तर अंदाजाचा पल्ला रुंद करा, रेट थोडा वाढवलात तरी माझी हरकत नाही. पण आकडे एकाच बाजूला झुकलेत असा संशय असेल तर दुरुस्ती आकड्यांतच व्हायला हवी. येणी विक्रीच्याच वेगाने वाढली असती तर किती झाली असती ते काढा. त्याहून जास्तीची रक्कम विक्री आणि नफ्यातून वजा करा. यंदाची रोख त्याने बदलणार नाही, पण पुढची वाढ आणि मार्जिन ज्या पायावर धरताय तो बदलेल. किंमत ठरते ती तिथेच.

शंकेखोर:
आणि रोखच खोटी असेल तर? सत्यम या आयटी कंपनीत 2009 साली 5,040 कोटींची रोख आणि बँक शिल्लक कागदावरच निघाली. वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीचे 1.9 अब्ज युरो 2020 मध्ये सापडलेच नाहीत. मी तरी आधी व्याजाच्या उत्पन्नाला सरासरी रोखीने भागतो; येणारा दर बँकेच्या दरापेक्षा फारच कमी असेल तर रोखीवर संशय घ्यायचा.

ताळेबंद वाचक:
भागतो मीही. पण सत्यमच्या अध्यक्षांनी ज्या पत्रात हे कबूल केलं, त्याच कबुलीपत्रानुसार 376 कोटींचं उपार्जित (देय झालेलं, पण हाती न आलेलं) व्याजही खोटं होतं, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. मी विचारतो, एवढी रोख पडून असताना कर्ज कशाला? वायरकार्डने 2019 मध्ये 50 कोटी युरोचे रोखे विकले होते. कारण रास्त असूही शकतं, पण ते अहवालात लिहिलेलं हवं.

नवशिका विश्लेषक:
आणि संबंधित पक्षांच्या त्या दोन ओळींचं काय करू?

ताळेबंद वाचक:
जुने अहवाल शेजारी ठेवून वाचा. काल ग्राहक असलेली कंपनी आज पुरवठादार दिसतेय का, तिच्याकडची येणी वसूल होतायत की नुसती पुढे ढकलली जातायत, ते बघा. खुलासा मागा. नाही मिळाला तर मी आकडा देतच नाही, 'मूल्यांकन करता येत नाही' असं लिहून सही करतो. वरिष्ठ कुरकुरतात, कुरकुरू देत.